नावाचा खंड

(शहादा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला देण्यात आलेला विषय ‘भांडवल आणि बाजारपेठ’ असा होता. तीसएक वर्षे वर्गात तो शिकवल्यामुळे टिपणाशिवायही मी त्यावर तासभर बोलू शकलो असतो. परंतु काल रात्री जेवणानंतर तीन-चार तरुण साथी एक कागद घेऊन माझ्याकडे आले आणि त्या कागदाने माझा विषय बदलून टाकला. कागदावर दोन रकाने आखलेले होते. डावीकडे ‘स्वदेशी’, उजवीकडे ‘विदेशी’. खाली मोटारगाड्यांची नावे. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि हितचिंतकांनी यापुढे नवी असो वा जुनी, डाव्या रकान्यातलीच गाडी घ्यावी, असा ठराव या वर्गात मांडण्याचा त्यांचा विचार होता. त्यामागची तळमळ खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कागद वाचताना मी पहिल्याच ओळीवर अडखळलो. मारुती डावीकडे होती, जग्वार उजवीकडे. व्हेरिटो डावीकडे होती, लोगान उजवीकडे. एम.जी. उजवीकडे होती आणि तिच्यापुढे कंसात लिहिले होते : ‘इंग्रज’.

कागद मी ठेवून घेतला आणि उद्या सर्वांसमक्ष परत करीन, असे सांगितले. आजचे भाषण म्हणजे तो कागद परत करणे होय.

इंडिकापासून सुरुवात करू, कारण ही गाडी आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाची आहे. लग्नाची वरात असो की सुरतेच्या दवाखान्यात न्यायचा रोगी असो, एके काळी इंडिकाच बोलावली जाई. टेल्कोने ती १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आणली. २००३ साली या कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले. गाडीचा बाह्य घाट इटलीतील तुरिन शहराच्या एका संस्थेच्या साहाय्याने आखलेला होता. ती तयार होत होती पुण्याजवळ पिंपरीला. ती स्वदेशी गाडी म्हणून गाजली आणि तसे म्हणण्यास आधारही होता.

२००३ साली या गाडीच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागात एम.जी. रोव्हर कंपनीचा जुना, प्रचंड कारखाना होता. कंपनीची लहान गाडी, रोव्हर १००, १९९८ सालीच बंद पडलेली होती आणि नवी तयार करण्याइतका पैसा हाती नव्हता. तेव्हा पिंपरीत तयार झालेली इंडिका, थोड्याफार फेरफारांसह, जहाजात चढवून इंग्लंडला जाऊ लागली. तिच्या नाकावर रोव्हरचे गलबताचे बोधचिन्ह बसले आणि नाव पडले ‘सिटीरोव्हर’. किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पाच लाख रुपये. रोव्हर हे इंग्लंडात मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे नाव होते. डॉक्टर, बँकेचा व्यवस्थापक अशा मंडळींची ती गाडी. पिंपरीच्या कामगाराने घट्ट केलेला बोल्ट त्या नावाखाली बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर धावू लागला.

इथवर ही केवळ गंमत वाटेल. पण रोव्हर हे नाव मुळात कोणाच्या मालकीचे होते? लाँगब्रिजच्या कंपनीच्या मालकीचे ते नव्हतेच. २००० साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपला हा तोट्यातला इंग्रजी व्यवसाय चौघा उद्योजकांच्या गटाला अवघ्या १० पौंडांना दिला, शिवाय मोठे कर्जही दिले. कारखाना, यंत्रे, कामगार, सारे दहा पौंडांत. ‘रोव्हर’ हे नाव मात्र तिने विकले नाही. ते स्वत:कडे ठेवून फक्त वापरण्याची परवानगी दिली. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मला हा व्यवहार अधिक बोलका वाटतो. म्हणजे सिटीरोव्हर ही गाडी पुण्याची, विकणारी कंपनी इंग्रज आणि नाव जर्मन मालकाचे!

एप्रिल २००५ मध्ये एम.जी. रोव्हर कोसळली. सुमारे सहा हजार कामगार एकाएकी बेकार झाले. सिटीरोव्हरही तिथेच संपली. मग उरलेल्या मालमत्तेची वाटणी झाली, तिची कथा नीट ऐका, कारण तुमच्या यादीतील दोन नोंदी तिच्यातून निघाल्या आहेत.

एम.जी. हे नाव आणि कारखान्यातील यंत्रसामग्री चीनच्या नानजिंग कंपनीने त्याच वर्षी घेतली आणि पुढे ती कंपनी शांघायच्या सायक या सरकारी कंपनीत विलीन झाली. सायककडे रोव्हरच्या काही गाड्यांचे आराखडे आधीच होते, पण रोव्हर हे नाव तिला मिळाले नाही. मग तिने २००६ साली त्या आराखड्यांवर बेतलेली गाडी ‘रोवे’ या नावाने चीनमध्ये काढली. उच्चार जवळचा आणि कायद्याच्या कक्षेबाहेरचा. इकडे रोव्हर हे नाव बी.एम.डब्ल्यू.कडून अमेरिकेच्या फोर्डने २००६ साली विकत घेतले. फोर्डकडे तेव्हा लँड रोव्हर होती आणि त्या नावाच्या आसपास दुसऱ्या कोणी फिरू नये, ही तिची चिंता. २००८ साली फोर्डने जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला टाटांना विकल्या. त्या सौद्यात रोव्हर हे नावही टाटांकडे आले. पाच वर्षांपूर्वी पिंपरीच्या गाडीला जे नाव उसने चिकटवले होते, ते टाटांच्या कपाटात येऊन पडले. त्या नावाची गाडी आज कोणी तयार करीत नाही.

म्हणून जग्वार उजव्या रकान्यात का, याचे उत्तर यादी करणाऱ्यांनी द्यायचे आहे. आणि एम.जी. ‘इंग्रज’ कशी? आपल्या सीमेपलीकडे गुजरातेत हालोल येथे जनरल मोटर्सने सोडलेल्या कारखान्यात सायकने एम.जी.चे काम सुरू केले. २०१९ साली तिथून निघालेली पहिली गाडी ‘हेक्टर’ ही चीनमध्ये ‘बाओजुन ५३०’ म्हणून आधीच विकली जात होती. तीच इंडोनेशियात ‘वुलिंग’ झाली आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांत चक्क ‘शेवरोले’. पुढे मुंबईच्या जे.एस.डब्ल्यू. समूहाने एम.जी.च्या भारतीय कंपनीत ३५ टक्के हिस्सा घेतला. आता हिला कोणत्या रकान्यात घालणार?

कोणी म्हणेल, हे सारे जागतिकीकरणानंतरचे. तसे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यांतली एक गाडी ‘प्लिमथ सॅव्हॉय’ म्हणून निघे, दुसरी ‘डॉज किंग्जवे’ म्हणून, तिसरी ‘डिसोटो डिप्लोमॅट’ म्हणून. पत्रा तोच, इंजिन तेच. जाळी आणि अक्षरे वेगळी. मालमोटारींचेही तेच : डॉज, फार्गो आणि डिसोटो ही तीन नावे एकाच ट्रकची. भारत नुकताच स्वतंत्र झालेला, परकीय चलनाची ओढाताण, आणि आपण एकाच गाडीला तीन बारशी करीत होतो! माझे वडील सांगत, फार्गोचा मालक डॉजवाल्याला कमी लेखी.

त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली. परक्या कंपनीशी असलेला करार संपत आला तेव्हा नाव बदलावे लागले. आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. चितोडची राणी इटालियन गाडीवर आरूढ झाली. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने मात्र तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. शेवटची काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तोपर्यंत. १९८५ साली त्याच कंपनीने ‘११८ एन.ई.’ काढली. ती फियाट १२४ च्या घराण्यातली आणि पोटात जपानच्या निस्सानचे इंजिन. या घराण्याची एक शाखा सोव्हिएत रशियात व्होल्गाकाठी गेली होती. १९६६ च्या करारानुसार फियाटने तिथे कारखाना उभारून दिला. गावाला नाव इटलीचे कम्युनिस्ट पुढारी तोग्लियात्ती यांचे. गाडी देशात ‘झिगुली’ आणि परदेशात ‘लाडा’. तेव्हा नाव बदलून विकण्याची ही रीत केवळ भांडवलदारांची, असे म्हणण्याची सोय नाही.

आता नाशिक. लोगान उजवीकडे आणि व्हेरिटो डावीकडे, असे तुमची यादी सांगते. फ्रान्सच्या रेनॉने रुमानियातील दाचिया या कंपनीसाठी ही गाडी आखली आणि ती २००४ साली निघाली. दाचिया ही एके काळची सरकारी कंपनी. १९६९ पासून तिथे रेनॉचीच गाडी ‘दाचिया १३००’ नावाने निघत होती आणि १९९९ साली ती रेनॉने विकत घेतली. लोगान मेक्सिकोत ‘निस्सान’ झाली, इराणात ‘तोंदर’ झाली. आपल्याकडे महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीत ती २००७ पासून नाशिकला होऊ लागली. २०१० साली भागीदारी मोडली. महिंद्रने रेनॉचा हिस्सा घेतला, रचनेचा परवाना राखला आणि २०११ च्या एप्रिलपासून गाडीचे नाव ‘व्हेरिटो’ ठेवले. त्या दिवशी नाशिकच्या कारखान्यात काय बदलले? धातूत ओतलेले चिन्ह बदलले. साचे तेच, कामगार तेच, पाळीची घंटा तीच. तुमच्या यादीनुसार ती गाडी एका रात्रीत विदेशीची स्वदेशी झाली.

मारुतीबद्दल फार बोलत नाही, त्या जखमेवर खपली धरलेली नाही. १९८१ साली सरकारी उद्योग म्हणून ती स्थापन झाली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली. २००२ साली बहुमताची मालकी जपानच्या सुझुकीकडे गेली आणि २००७ साली सरकार पूर्णपणे बाहेर पडले. नाव हनुमंताचेच राहिले. २०१९ पासून टोयोटा कंपनी मारुतीची ‘बलेनो’ हीच गाडी ‘ग्लान्झा’ नावाने विकते. त्या वर्षी बलेनोला हमी २ वर्षे वा ४०,००० किलोमीटरची होती आणि ग्लान्झाला ३ वर्षे वा १ लाख किलोमीटरची. यंत्र एकच असताना एक लाख किलोमीटरची खात्री एका नावाला देता येते आणि दुसऱ्याला देता येत नाही, याचा अर्थ हमी ही यंत्राच्या बळावर दिलेली नव्हती.

अर्थशास्त्र याला काय म्हणते? १९३३ साली, एकाच वर्षी, अमेरिकेत चेंबरलिन यांचा आणि इंग्लंडात जोन रॉबिन्सन यांचा ग्रंथ निघाला. बाजारात शुद्ध स्पर्धाही नसते आणि शुद्ध मक्तेदारीही नसते, हे दोघांनी आपापल्या परीने मांडले. चेंबरलिन यांनी दाखवले की विक्रेता आपल्या मालाला वेगळे नाव, वेगळे वेष्टन देतो तेव्हा त्या नावापुरता तो एक छोटा मक्तेदार बनतो. त्या नावासाठी ग्राहक जी जास्तीची रक्कम मोजतो, तिला मी आपल्या भागातला शब्द वापरतो : खंड. जमीन कसणाऱ्याकडून जमीनमालक घेतो तो खंड तुम्हाला ठाऊक आहे. रिकार्डोने १८१७ साली त्याचा सिद्धान्त मांडला. जमीन निदान पीक तरी देते. नाव काहीच पिकवीत नाही. त्याला कुंपण मात्र जमिनीपेक्षा पक्के असते.

अर्थात नुसत्या नावावर वाटेल तेवढा खंड वसूल होतोच असे नाही. १९८० नंतर अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या स्वस्त शेवरोले गाडीवर कॅडिलॅकचे चिन्ह लावून ती बऱ्याच चढ्या भावाने काढली, तेव्हा ग्राहकाने ती ओळखली आणि कॅडिलॅकचीच अब्रू गेली. त्याहून गमतीचे उदाहरण २०११ चे. ॲस्टन मार्टिन ही लक्षाधीशांच्या वेगवान गाड्या करणारी इंग्रज कंपनी. युरोपातील धुराचे नियम कंपनीच्या साऱ्या गाड्यांची सरासरी धरून लावले जातात, म्हणून तिने टोयोटाची एक चिमुकली गाडी घेतली, आत कातडे मढवले, आपले पंख लावले आणि जवळजवळ तिप्पट किमतीला ‘सिग्नेट’ म्हणून विकायला ठेवली. २०१३ पर्यंत दुकान आटोपले.

मी एकाच बाजूने बोलत आहे असे वाटू नये म्हणून सांगतो. एक गाडी दोन नावांनी निघणे यात आपोआप फसवणूक नाही. दोन कंपन्यांनी दोन साचे करण्याऐवजी एक केला, तर पोलाद वाचते, श्रम वाचतात, खेड्यातल्या मिस्त्रीला सुटे भाग सहज मिळतात. फियाटचे एक लहान डिझेल इंजिन रांजणगावात आणि मानेसरला तयार होऊन फियाटमध्ये, टाटांच्या गाडीत आणि मारुतीतही बसत असे. प्रत्येकाने त्याला वेगळे नाव दिले होते. त्यामुळे आपल्या बाजारपेठेच्या गावात बसलेला मिस्त्री तिन्ही गाड्या उघडू शकत होता. हा फायदा लहान नव्हे. आणि परवान्यांच्या काळात नावे मोजकी होती म्हणून ग्राहक सुखी होता, हेही आपण डाव्या मंडळींनी उगाच सांगू नये. मी स्वत: ते वर्गात सांगितले आहे. ॲम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचीच प्रत १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली आणि तिच्यासाठीही एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. २०१७ साली ‘ॲम्बेसेडर’ एवढेच नाव फ्रान्सच्या प्यूजोने ८० कोटी रुपयांना घेतले. उत्तरपाड्याचा कारखाना बंद, कामगार घरी आणि नावाची किंमत ८० कोटी.

मग प्रश्न कुठे आहे? वाचलेल्या पोलादाचा आणि श्रमाचा पैसा कोणाकडे गेला, इथे आहे. माझे काही विद्यार्थी तळोदा-शहाद्याकडून चाकणला कंत्राटी कामाला गेले. चाकणच्या एकाच कारखान्यात स्कोडाची ‘कुशाक’ आणि फोक्सवागनची ‘टायगुन’ निघते, स्कोडाची ‘स्लाव्हिया’ आणि फोक्सवागनची ‘व्हर्टस’ निघते. अशा कामावर असलेल्या एकाला मी विचारले, दोन नावांच्या गाड्यांना मजुरी वेगळी पडते का? तो हसला. म्हणाला, “सर, आम्हाला तर गाडी पुढे सरकली एवढेच कळते.” ज्याच्या हातून दोन्ही गाड्या जातात, त्याच्या मजुरीत नावाचा एक पैसा येत नाही.

याच जिल्ह्यातल्या एका जीपचालकाची गोष्ट. मोलगीच्या घाटात त्याच्या गाडीचा एक लहानसा भाग तुटला. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन खोके ठेवले. आतल्या भागावर ओतलेला क्रमांक एकच, खोक्यांवरची नावे दोन, आणि किमतीत दिवसभराच्या फेऱ्यांचा फरक. त्याने महाग घेतला. का, असे मी विचारले. “गाडीत माणसे बसतात, सर. घाटात जोखीम कोण घेणार?” खंड वसूल होतो तो या भीतीतून. त्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. क्रमांक एकच आहे याचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगणे दुकानदाराच्या हिताचे नव्हते.

औषधांच्या बाबतीत हे आपण कधीच ओळखले होते. १९७५ साली हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावे वापरावीत, अशी शिफारस केली होती. पन्नास वर्षे होऊन गेली तरी ती पुरी झाली नाही. निदान औषधाच्या वेष्टनावर मूळ नाव छापलेले तरी असते. कापसाच्या बियाणात तेच अधिक गुंतागुंतीचे. वाण वेगवेगळे, पण आतला बोंडअळीचा जनुक एकाच घरचा, आणि त्याचा खंड पाकिटागणिक घेतला जाई. २०१६ साली सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातला जनुकाचा खंड ४९ रुपये असा ठरवून दिला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना पहिल्यांदा कळले की पाकिटात असा एक वेगळा हिस्सा होता! तो त्याआधी १६३ रुपये होता. आकडा छापला गेला आणि भांडता आले. मोटारीच्या बाबतीत असा आकडा कुठेही छापलेला नसतो.

जनता मात्र कधी कधी हा खंड बुडवते, आणि ते पाहून मला आनंद होतो. ‘टेम्पो’ हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव. १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली आणि २००५ साली कंपनीने ते नाव सोडून ‘फोर्स’ घेतले. पण आपल्या बाजारात मिरची वाहून नेणारे प्रत्येक चारचाकी वाहन आजही टेम्पोच आहे, मग ते कोणी का केलेले असेना. जीपचेही तसेच. धडगावच्या रस्त्यावर माणसे घेऊन जाते ती जीप. कायद्याच्या दृष्टीने असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्याने जीप जोडणाऱ्या महिंद्रने २०१८ साली ‘रॉक्सर’ अमेरिकेत नेली, तेव्हा जीप नावाच्या मालकांनी दावा लावला. २०२० साली तिथल्या आयोगाने गाडीचा चेहरा जीपसारखा दिसतो असा निर्णय दिला आणि चेहरा बदलावा लागला. उलट २०१७ पासून रांजणगावला, टाटांची निम्मी भागीदारी असलेल्या कारखान्यात, जी ‘कंपास’ निघू लागली ती मात्र कायद्याने जीप!

आता कागदाकडे वळतो. ठराव मांडायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. मी मत द्यायला आलेलो नाही. पण या दोन रकान्यांवर तो मांडला गेला, तर उद्या बाजारात एखादा दुकानदारही तुम्हाला निरुत्तर करील. मी काल रात्री कागदाच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले. गाडी कोठे तयार होते. तयार करणारांत कायम किती आणि कंत्राटी किती. कंपनीची मालकी कोणाची. आणि नावाचा, रचनेचा खंड दर गाडीमागे कोणाला जातो. पहिला आणि तिसरा रकाना मला बहुतेक ठिकाणी भरता आला, ते तुम्हाला तपासून पाहता येईल. दुसरा चाकणला आणि नाशिकला असलेली तुमची भावंडे भरू शकतील. पुढच्या सुटीत ती गावी येतील तेव्हा विचारा, आणि नावे लिहू नका, नोकरीचा प्रश्न असतो. चौथा रकाना सगळा कोरा आहे. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत स्वामित्वशुल्काची एकूण रक्कम असते. ती गाड्यांच्या संख्येने भागायची, एवढेच गणित आहे. वाणिज्य शाखेत शिकणारा कोणी येथे असेल, तर त्याने दुपारच्या चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. दोन-तीन अहवाल मी बरोबर आणले आहेत.